देवीच्या वस्त्राचा रंग नेमका कोणता?

घटस्थापना झाली, अखंड दीप लागला, घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्याने डोके वर काढले की महाराष्ट्रातील घराघरांत रोज सकाळी एक प्रश्न ऐकू येतो. ‘आज रंग कोणता?’ सासूबाई देवीला नेसवायच्या वस्त्रासाठी विचारतात, सूनबाई कचेरीत जाताना नेसायच्या साडीसाठी विचारतात, आणि शाळकरी मुली रिबिनीसाठी. उत्तर एका शब्दात मिळते: लाल, पिवळा, हिरवा. सर्वांचे समाधान होते. पण कपाट उघडले की खरा प्रश्न पुढे उभा राहतो. लाल खरा, पण कोणता लाल?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नऊ दिवसांचे नऊ रंग ही प्रथा शास्त्रोक्त नव्हे. सप्तशतीच्या पाठात कोठेही वारानुसार वस्त्रे नेसण्याची आज्ञा नाही. ही प्रथा या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रसृष्टीतून निघाली आणि बघता बघता लोकलच्या डब्यांपासून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत पोचली. तिच्यात सात रंग वारांना बांधलेले आहेत. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. दिवस नऊ आणि वार सात, म्हणून उरलेले दोन रंग दरवर्षी निराळे ठरतात. २०२३ साली ते जांभळा व मोरपिशी होते, २०२५ साली मोरपिशी व गुलाबी. ज्योतिष जाणणाऱ्या वाचकाला येथे अडखळल्यासारखे होईल, कारण ग्रहांच्या परंपरेत बुधाचा रंग हिरवा आणि शुक्राचा पांढरा. सोम, मंगळ, गुरू जुळतात. बुध आणि शुक्र जुळत नाहीत. असो. प्रथा नवी असली तरी तिच्यामागची हौस निर्मळ आहे, आणि तिने एक मोठे काम नकळत केले आहे. रंगाकडे रोज निरखून पाहण्याची सवय तिने लाखो घरांना लावली.

मंगळवारी कचेरीत जमलेल्या स्त्रियांचे छायाचित्र कोणीही पाहावे. सर्वजणी ‘लाल’ नेसलेल्या असतात. त्यात एक कुंकवाची लाल असते, एक शेंदरी, एक डाळिंबी, एक विटकरी, आणि एखादी तर सरळ राणी रंगाची, जिला मैत्रिणी ‘हा गुलाबीत जातो’ म्हणून चिडवतात. कोणीच खोटे बोलत नसते. एका शब्दाच्या पोटात किती रंग मावतात, एवढेच त्यातून दिसते.

आपल्या देवघरातील पूजेच्या तबकाइतकी रंगांची चांगली शाळा दुसरी नाही. त्यात हळद असते आणि तिच्याशेजारी कुंकू. ही दोन भावंडे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होते. हळदीतील पिवळे द्रव्य चुन्यासारख्या क्षाराच्या संगतीत तांबडे होते. ज्या गृहिणीने हळदीचा डाग साबणाने धुताना तो एकाएकी लाल झालेला पाहिला आहे, तिने कुंकवाच्या कारखान्याचे रहस्य आपल्या मोरीतच पाहिले आहे. शेंदराची गोष्ट वेगळी. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. त्याचा रंग नारिंगाकडे झुकलेला आणि गुण विषारी, म्हणून तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. हिंगूळ हे आणखी निराळे द्रव्य, पारा व गंधक यांचे. त्याचा लाल शेंदरापेक्षा सखोल असतो. इंग्रजीतून भाषांतर करणारे लेखक दोन्हींना सर्रास एकच नाव देऊन मोकळे होतात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे मारुतीऐवजी भलतेच काही उभे करतात. मारुती शेंदरी, हे आमच्या घरातील चार वर्षांचे मूलही सांगते.

आमच्या पूर्वजांना रंग नेमका सांगण्याची किती काळजी होती, हे नित्य पठणातील नवग्रहांच्या स्तोत्रावरून कळते. तेथे सूर्य नुसता लाल नाही, जास्वंदीच्या फुलासारखा आहे. चंद्राला दही, शंख आणि हिम यांची उपमा आहे. तिन्ही पांढरे, पण तिघांची झळाळी वेगळी. केतू पळसाच्या फुलासारखा आणि शनी काजळाच्या काळ्या-निळ्या झाकेचा. विष्णूच्या ध्यानात अतसीचे, म्हणजे जवसाचे, फूल येते. ज्याने विदर्भात फुललेले जवसाचे शेत पाहिले आहे त्याला ‘निळा’ या शब्दाने जे कळणार नाही ते त्या एका फुलाने कळते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर रंगमिश्रणाचे सरळ पाठ आहेत. मूळ रंग चार: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा. पांढरा आणि तांबडा मिळून पद्म, म्हणजे कमळाचा रंग. पांढरा आणि पिवळा मिळून पांडू. पिवळा आणि निळा मिळून हरित. नटाच्या चेहऱ्याला कोणता लेप लावावयाचा हे नेपथ्यकाराला नेमके कळावे म्हणून ही सोय. त्याच ग्रंथात रसांना रंग दिले आहेत आणि करुण रसाचा रंग कपोत, म्हणजे पारव्याचा, सांगितला आहे. शनिवारच्या राखाडी साडीला आमच्या आज्या ‘पारवा’ म्हणत असत. त्या शब्दाला इतकी जुनी वडीलधारी मंडळी आहेत हे त्या साडीच्या लेबलावर कोणी लिहीत नाही.

मराठीने हेच केले. तिने रंगांची नावे फुलांकडून, फळांकडून, पाखरांकडून, स्वयंपाकघरातून उचलली. अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, अंजिरी, जांभळा, आमसुली, बदामी, मोतिया, पोपटी, पारवा, मोरपिशी, शेवाळी, विटकरी, मोरचुदी. तपकिरी हा शब्द तपकिरीच्या डबीतून आला, हे आज तपकीर दृष्टीआड झाल्यामुळे सांगावे लागते. किरमिजी शब्द किरमिज नावाच्या किड्यावरून अरबी-फारसीच्या वाटेने आला. त्याच मुळापासून युरोपात क्रिम्सन आणि कार्माइन हे शब्द झाले. अबोलीचे उदाहरण घ्या. तो ना नारिंगी, ना गुलाबी. दोन्हींच्या मधला, जरा धूसर. इंग्रजांना त्याच्या जवळपास जाण्यासाठी सामन माशाच्या मांसाकडे किंवा पीच फळाकडे वळावे लागते. गोव्यात आणि कोकणात देवीच्या वेणीत रोज माळले जाणारे फूल आम्हाला पुरते.

पण या नावांत खाचखळगे आहेत. गुलबक्षीला पिवळी व पांढरी फुलेही येतात. रंगाचे नाव मात्र त्या झळझळीत गडद गुलाबीलाच चिकटले. केशराच्या काड्या गडद तांबड्या, दुधात खललेले केशर पिवळे, आणि ‘केशरी’ म्हणून दुकानदार दाखवतो तो नारिंगी. भगवा आणि केशरी हे एकच मानण्याची चाल पडली आहे, पण वारकऱ्यांच्या पताकेचा भगवा गेरूच्या मातीशी नाते सांगतो. त्यात किंचित तपकिरी सावली असते. पितांबर म्हणजे पिवळे वस्त्र, तरी ‘लाल पितांबर नेस’ असे आम्ही बिनदिक्कत म्हणतो. मोरपिशीत तर सारेच आले. मोराच्या मानेचा निळा घ्यावा की पिसाच्या डोळ्याभोवतीचा हिरवा? या एका शब्दावरून नवरात्रात दुकानांत जितकी हुज्जत होत असेल तितकी दुसऱ्या कोणत्याही रंगावरून होत नसावी.

आमच्या परिचयातील एका घरची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. त्या घरात कुलदेवीला नवरात्रात कुसुंबी रंगाचे वस्त्र अर्पण करण्याचा कुळाचार. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या सासूबाईंनी तो कुळाचार त्यांच्या हाती दिला होता. नजर मंदावल्यामुळे त्यांनी एका वर्षी साडी आणण्याचे काम नातीवर सोपवले. नात पुण्यात कापडांवरील नक्षीची रेखाटने करते, म्हणजे रंग हाच तिचा व्यवसाय. तिने एका दुकानात ‘कुसुंबी’ मागितली. दुकानदाराने आत्मविश्वासाने एक गुलाबी साडी बांधून दिली. आजींनी ती खिडकीशी नेऊन पाहिली आणि शांतपणे घडी घातली. ‘साडी चांगली आहे गं. पण देवीची नव्हे.’

नातीला ते लागले. तिने आजीला विचारले, ‘आजी, मग कुसुंबी म्हणजे कसा?’ आजी म्हणाल्या, ‘लाल, पण तापलेला नाही. आत जरा पिवळं असावं.’ एवढ्यावर कोणता विणकर धागा रंगवील? शेवटी देवाच्या पेटीतून देवीची एक जुनी चोळी निघाली, सासूबाईंच्या वेळची. पण तीही फिकटून अबोलीच्या जवळ गेली होती. आजींचा चेहरा उतरला. आता दाखवायलाही काही उरले नाही, असे त्यांना वाटले. त्यांच्या पश्चात कुळाचाराचे नाव राहील आणि रंग जाईल, ही त्यांची खंत होती, आणि ती क्षुल्लक मानण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

करडईच्या झाडालाच कुसुंबा म्हणतात. त्याच्या फुलात दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्याने धुऊन निघतो; मागे उरणारा लाल क्षाराने सोडवून आंबट पाण्याने कापडावर बसवतात. तो रंग दिसायला देखणा, पण उजेडाला भित्रा. उन्हात भराभर उडतो. ही रंगाऱ्यांची फार जुनी तक्रार आहे. नातीला कापडाची विद्या ठाऊक होती म्हणून तिला सुचले. तिने चोळीची बगलेची शिवण दोन बोटे उसवली. आत दुमडून गेलेल्या पट्टीवर उजेड कधी पडलाच नव्हता. तेथे रंग जसाच्या तसा होता! आजींनी ती पट्टी दाराशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, ‘हाच.’

पुढे ती चोळी घेऊन दोघी येवल्याला एका विणकराकडे गेल्या. त्याने रेशमाच्या लडी काढल्या, पण घरात एकही जुळवली नाही. ‘आजी, अंगणात या. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो,’ असे म्हणून त्याने सारे बाहेर आणले. सकाळचे दहा वाजले होते. दोन लडी आत अगदी सारख्या भासत होत्या. उजेडात एक जांभळाकडे गेली आणि दुसरी पट्टीवर विरघळून गेली.

विणकर जे म्हणाला ते शास्त्राने सिद्ध आहे. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली वस्त्रे एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात फुटून वेगळी होतात. म्हणून जगभरच्या कापडगिरण्यांत ठराविक दिवसाउजेडासारखा प्रकाश देणाऱ्या पेट्या ठेवतात आणि त्यांत नमुने पाहतात. आमच्या वडीलधाऱ्या बायका साडी दुकानाच्या पायरीवर आणून पाहत, ते याच कारणाने. आणखीही त्यांना ठाऊक होते. पातळ कापड चारपदरी करून पाहावे, नाहीतर खालच्या रंगाची झाक वर येते. भर दुपारचे ऊन किंवा रंगवलेली भिंत जवळ असू नये. लागोपाठ दहा लाल साड्या पाहिल्या की अकरावी निस्तेज वाटते, तो दोष साडीचा नसून थकलेल्या डोळ्यांचा. मध्ये थोडा वेळ पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूकडे पाहिले की नजर पुन्हा ताळ्यावर येते.

रंग शब्दांनी सांगण्याचा हा खटाटोप पाश्चात्त्यांनीही केला. एडिंबरा येथील पॅट्रिक साइम या चित्रकाराने १८१४ साली वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून रंगांच्या नावांचे एक पुस्तक केले. त्यात प्रत्येक रंगापुढे तो कोणत्या प्राण्यात, कोणत्या वनस्पतीत, कोणत्या खनिजात दिसतो ते लिहिले होते. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावरच्या प्रवासात हेच पुस्तक सोबत नेले. म्हणजे आमच्या अबोली-पारव्याचीच रीत, फक्त कोष्टकात बसवलेली.

खरी उडी मारली ती आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने. १९०५ साली त्याने मांडले की रंग एका नव्हे, तीन गोष्टींनी ठरतो: तो मुळात कोणता, किती उजळ, आणि किती तीव्र. या तिन्हींना त्याने आकडे दिले. हे वाचताना आम्हाला मौज वाटली, कारण मराठी बोलणारी कोणतीही बाई या तिन्ही गोष्टी न शिकता वापरते. फिका आणि गडद हे उजळपणाचे शब्द. पिवळाधमक, लालभडक, हिरवागार, निळाशार हे तीव्रतेचे. आणि तीव्रता उतरली की तीच भाषा हिरवट, निळसर, तांबूस, काळपट म्हणते. लालचुटूक आणि लालभडक यांतील भेद दुसऱ्या भाषेत नेऊन पाहावा. अर्धा वाटेत सांडतो.

१९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने सर्वसामान्य माणसाच्या नजरेवरून रंग आकड्यांत मांडण्याची रीत ठरवली. आपल्या राष्ट्रध्वजाला तिचा उपयोग झाला. घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला तेव्हा ठरावात गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा एवढेच शब्द होते. शब्दांवर ध्वज रंगवला तर गावोगावी निराळा तिरंगा फडकला असता. म्हणून १९५१ साली ध्वजासाठी भारतीय मानक निघाले आणि त्यात रंगांची मोजमापे आली. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. तेथे केशरी हा कोणाच्या आवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

छापखान्याची अडचण वेगळी. आमच्या घरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या तसबिरी ज्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातून आल्या, तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तेथे एकेका रंगासाठी वेगळा दगड चालत असे, आणि एका चित्राला अनेक दगड लागत. आज वृत्तपत्राचे रंगीत पान सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या ठिपक्यांनी छापले जाते. संगणकाच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा या प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांतून १,६७,७७,२१६ रंग निघतात. ते सगळे चार शायांत उतरणे अशक्य. झळझळीत नारिंगी हा त्यातील पहिला बळी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना पडद्यावर पाहिलेला भगवा छापील पत्रिकेवर मातकट दिसतो आणि ते छापणाऱ्याशी भांडतात. अशा वेळी तयार मिसळलेली स्वतंत्र शाई घ्यावी लागते. अमेरिकेतील पँटोन कंपनीने १९६३ साली क्रमांक दिलेल्या शायांचे पंख्यासारखे नमुनापत्र काढले, ते याचसाठी. न्यू जर्सीत बसलेला माणूस क्रमांक सांगतो आणि मुंबईतला छापणारा तीच शाई मिसळतो. कापडासाठी त्यांचे वेगळे क्रमांक आहेत. त्यात पहिले दोन आकडे उजळपणाचे, मधले दोन मूळ रंगाचे आणि शेवटचे दोन तीव्रतेचे. मन्सेलचेच ते तीन धागे.

आता कोणी म्हणेल, क्रमांक असताना नावांचे काय काम? आमचे मत स्पष्ट आहे. क्रमांक रंगाऱ्याला सांगावा, पण लेकीला नाव सांगावे. ‘कुसुंबी’ म्हटले की करडईचे शेत येते, देवी येते, सासूबाई येतात. क्रमांकाने त्यांतले कोणी येत नाही. उलट नुसत्या नावाने काय होते ते त्या गुलाबी साडीने दाखवलेच. त्या नातीने दोन्ही केले. विणकराने वापरलेल्या रंगाची नोंद, त्या लडीचा वीतभर धागा आणि ‘कुसुंबी, देवीचा’ असे आजींच्या हातचे अक्षर तिने एका जाड काळ्या कागदाच्या पाकिटात घालून देवाच्या पेटीत ठेवले. काळा कागद उजेडासाठी, आणि पाकीट कापराच्या डबीपासून दूर.

ज्यांच्या घरी असे कुळाचाराचे वस्त्र, जुना शालू किंवा ओटीचा खण असेल त्यांनी या नवरात्रातच पेटी उघडावी. शिवणीच्या आत, घडीच्या पोटात, जरीकाठाच्या उलट बाजूस रंग शोधावा, आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला त्याचे नाव विचारावे. ती जे नाव सांगेल ते शब्दकोशात नसले तरी तसेच लिहून ठेवावे.

पैठणीपाशी मात्र एक नाव आणि एक क्रमांक अपुरा पडतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की वस्त्र हलताच रंग पालटतो. त्याला विणकर धूपछाँव म्हणतात. तेथे उभ्या धाग्याचे एक आणि आडव्या धाग्याचे एक, अशी दोन नावे लिहावी लागतात. येवल्याच्या त्या विणकराने आजींना अशीच एक दाखवली, हिरवी आणि जांभळी. आजींनी ती समईच्या उजेडात कशी दिसेल असे विचारले. तो हसून म्हणाला, ‘ते मी कसं सांगू, आजी? समई तुमच्या देवघरात आहे.’